लांबी

टाटे काचा बसवायचे.
पाठीवर लाकडी चौकट, चौकटीत आभाळाचे तुकडे,
प्रिपेतच्या काठाने गावोगाव.
खिशात हिरा, नखांत लांबी,
हातांना जवसाच्या तेलाचा वास,
जो पुढे साबणाने गेला नाही, अमेरिकेनेही नाही.

एकोणीसशे पाचच्या त्या शरदात
त्यांना आयुष्यातलं सगळ्यात जास्त काम मिळालं.
एका रात्रीत बाजारगल्लीची एकशे बारा तावदानं.
सदतीस बसवून झाली
आणि त्यांनी हत्यारं गुंडाळून स्टेशनची वाट धरली.
"फुटलेल्याच्या जिवावर किती दिवस जेवायचं?"
एवढंच सांगायचे. बाकीचं
हेरिंगच्या काट्यांसारखं ताटाच्या कडेला काढून ठेवायचे.

फोर्ट ली. हडसनच्या पलीकडचा कडा.
तिथे कुणी काचेचं घर बांधत होतं, राहायला नव्हे,
ऊन साठवायला.
टाटे लांबीचा गोळा घेऊन छपरावर चढले,
खाली पाहिलं तर एक बाई
रडत होती, थांबून शेंगदाणे खात होती,
पुन्हा रडत होती.
काम संपल्यावर ते उतरले
ते आतल्या बाजूला.

झावेल रोगाचेव्हर फलकावर मावेना.
'एस. रॉजर्स' त्यांनी स्वतःच रंगवलं, स्पेलिंग चुकवून.
चित्रं मुकी होती,
आणि मुक्यांच्या राज्यात टाटे मोठे वक्ते.
भुवईने सांगत, पावाच्या तुकड्याने सांगत;
आयरिश सुतारांना यिडिश शिव्या तोंडपाठ होत्या.
खिडकीची लांबी सुटली,
हाती आली फिल्मची लांबी.

तेरा साली त्यांनी कड्यावर गाव उभं केलं.
बाजारगल्ली, विहीर, पाववाल्याचं टेबल,
खिडक्यांना खऱ्या काचा. एकशे बारा.
हिशेबनीस म्हणाला, कागद लावा, कुणाला कळतंय?
टाटे म्हणाले, कागद फुटत नाही,
फाटतो.

घोडे आले. होबोकनच्या बिअरवाल्याचे घोडे,
वर इटालियन गवंडी, कापसाच्या दाढ्या लावलेले.
पहिली काच फुटली
आणि दिग्दर्शक हातातला कर्णा टाकून
पाववाल्याच्या टेबलाखाली शिरला.
कुणी हसलं नाही.
पीट मल्डून हँडल फिरवत राहिला,
कारण थांब म्हणणारा माणूसच
टेबलाखाली होता.

तेवढा तुकडा टाटेंनी त्याच रात्री कापला.
उरलेलं चित्र लोकांना आवडलं म्हणतात.
मी पाहिलं नाही. कंपनी बुडाली,
रिळं उकळून कुणी चांदी काढली.
न्यू जर्सीत कुणाच्या तरी चमच्यात
आमचं गाव आहे.

टाटे गेले. आरसे झाकलेल्या त्या आठवड्यात
आईने तळाच्या खणातून चहाचा डबा काढला.
आत चाळीस फूट. पीटच्या हाताने चाळीस सेकंद.
यंत्र नव्हतं, मी खिडकीशी धरलं.
नखाएवढं टेबल,
खाली तिळाएवढा माझा बाप.
पुढची चौकट: तोच. पुढची: तोच.
सहाशे चाळीस वेळा तो
बाहेर येत नाही.

फक्त अगदी शेवटी, अकरा चौकटींत,
टेबलाखालून एक हात येतो,
मातीतली काच उचलतो,
आणि अंगठ्याने तिची कड चाचपतो,
कुठे बसेल का ते बघत.