पंधरा किलो, मऊ बॅग

बॅग मऊच हवी, चाकं नकोत,
पंधरा किलो, हातातली पर्स धरून.
लुसाकाच्या पुढचं विमान बारा जणांचं,
त्याच्या पोटात कडक काही मावत नाही,
असं पलासियाच्या ऑफिसातली यशिका म्हणाली
आणि यादी सरकवली.

पांढरं नको. मी ती ओळ दोनदा वाचली.
सात वर्षांत मला पांढरं नको म्हणणारं
हे पहिलंच.
निळंही नको, त्सेत्से नावाची माशी निळ्यावर येते.
निरूताईचे चार ड्रेस तिथेच बाद.
"माशीला काय कळतंय," ती म्हणाली, "माहेश्वरी आहे ते."

निरूताई माझी नणंद.
लग्न केलं नाही, पोस्टात होती,
पेन्शन आहे, गुडघे नाहीत.
"सिंह बघायला आफ्रिका?
अगं, चिडियाघर चार पावलांवर आहे तुझ्या."

तेच तर.
नवलख्याच्या त्या गल्लीत एकेचाळीस वर्षं काढली.
पहाटे चारला, सांचीची गाडी यायच्या आधी,
तो सुरू व्हायचा.
आधी दचकायचे, मग त्यावर दूध तापवायला लागले.
सिंह बदलले तीन, वेळ तीच.
हे कूस बदलून म्हणायचे,
"झोप, तो आपल्याला नाही बोलवत."
मग कोणाला?
मी अंधारात थांबून राहायचे.
स्टँडवरून खंडव्याची बस निघायची,
कंडक्टर ओरडायचा,
दुसरं काही नाही.

कॅम्पच्या कागदात एक वाक्य होतं:
'आमच्याकडे कुंपण नाही. रात्री सिंह एकमेकांना
लांबून सांगतात, कोण कुठे आहे ते.'
दुसऱ्या दिवशी मी एफडी मोडली.

फॉर्म आठ पानी.
आहार: जुलै, म्हणजे चातुर्मास,
पण जागा अर्ध्या ओळीची,
'वांगं नको' एवढंच मावलं.
अंधार पडल्यावर तंबूतून एकटी निघणार नाही: सही.
जनावराने काही केलं तर तक्रार नाही: सही.
काही झाल्यास कळवायचं कोणाला?
इथे थांबलो दोघी.
मग तिने माझं नाव लिहिलं, मी तिचं.
"आणि एकच सिंह दोघींना भेटला तर?"
यशिका हसली नाही, स्टेपलर शोधत राहिली.

प्रवाशाचं वजन, किलोत.
घरात काटा नाही.
यांचा होता,
छावणीच्या मंडीबाहेरचा धर्मकाटा, चाळीस टनी,
त्यावर यांनी छत्तीस वर्षं
गहू, सोयाबीन, डॉलर चना तोलला.
आधी क्लीनरला खाली उतरवायचे,
मग ड्रायव्हरला,
मग चष्मा पुसून आकडा.

संध्याकाळी गेलो.
त्यांच्या खुर्चीवर आता हरिओम बसतो.
"काकी, ट्रक किधर है?"
ट्रक आम्हीच.
चपला काढल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी,
आणि लोखंडावर उभ्या राहिलो,
दिवसभराच्या उन्हाने ते अजून गरम होतं.
लाल आकडे थरथरले, थांबले.
एकशेवीस.
मग एकेक करून:
मी पन्नास. ती साठ.

"काटा दहा-दहाने मोजतो काकी,
इतना फरक तो आता है," हरिओम म्हणाला.
मला माहीत आहे, हेही हेच सांगायचे,
भांडायला आलेल्या व्यापाऱ्यांना.
तरी दहा किलो कोणाचे,
हे मी घरी येईपर्यंत मोजत होते.
निरूताई म्हणाली, "तू लिही साठ.
लागतील तिकडे."

रात्री ती इथेच झोपली, खाली गादी घालून,
उशाशी रिकामी मऊ बॅग.
चारला तो सुरू झाला.
एकदा. परत एकदा.
मी नेहमीसारखी थांबून राहिले.
बस अजून निघाली नव्हती.
निरूताई झोपेतच म्हणाली,
"हो हो, आले,"
आणि कूस बदलली.