मोराच्या डोळ्याशी

कन्ना चौकाच्या मागं, बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये
माझी भट्टी आहे, फ्रिजएवढी.
बाहेर बेचाळीस, आत सातशे ऐंशी.
खुर्जाहून पेंढ्यात झोपून येतात कोऱ्या कपबश्या,
शेकड्यात चार तडकलेल्या.
काचेवर निळा घोटते, टर्पेंटाइनचा एक थेंब,
दुसरा पडला तर रंग पळतो.
सोनं लावताना सोनं दिसत नाही,
काकवीसारखं तपकिरी काहीतरी दिसतं.
तरी दार लावायचं,
आणि मधेच वीज जाऊ नये म्हणून
सिद्धेश्वराला नाही, वायरमन इरण्णाला फोन करायचा.

गिऱ्हाईक आलं की कप आधी उलटा करतं,
बुडाशी किंमत असते.
मग नखानं टिचकी.
मग सांगतं, कुणाला द्यायचंय ते.
महानंदा बिराजदार विचारतात, बोन चायना म्हणजे
हाडं असतात का हो खरंच?
असतात, मी म्हणते, राख असते. तो ठेवा, हा घ्या.
त्या दोन्ही उजेडाला धरतात.
राखेच्या कपातून स्वतःची बोटं दिसतात.
शेवटी विहिणीला राखेचा संच,
"त्यांना सांगायचं नाही,"
आणि जावेला मातीचा.

चैत्रात अंबादास कोंगारी नावाचा माणूस आला.
पिशवीतून चादर काढली,
धुऊन धुऊन तलम झालेली, मोराची.
बहीण शारजाला असते, म्हणाला,
ह्या एकाच चादरीत झोपायचो, रात्रभर ओढाओढी.
आता पाठवली तर ती तिकडं काय करणार हिचं.
हा मोर कपावर बसवा. सहा.

मी टेबलावर पसरली.
मोराच्या डोळ्याशी, तिसऱ्या ओळीत, एक घर रिकामं.
ते घर मी ओळखते.

नान्ना डिझाइन काढायचे ग्राफच्या कागदावर,
मांडीवर फळी, लाल घर, पांढरं घर,
मग पुठ्ठ्यांना भोकं, पुठ्ठ्यांची माळ,
माळ फिरली की मोर.
एकदा चुकलं ते हजारदा चुकलं.
किती घरांतून झोपली असतील माणसं
ती चूक पांघरून.
मी विचारलं होतं, मुद्दाम ठेवलं का, खूण म्हणून?
म्हणाले, तेव्हा चहा आला होता.

कपाला गोलाई असते, मोर वाकतो.
माझा हात अजून चौकोनातच चालतो,
पाकळी काढायला गेले की पायऱ्या होतात,
आर्ट कॉलेजात मॅडम हसायच्या.
ह्या कामाला तोच हात लागला.
अकरा दिवस.
सहाही डोळ्यांशी एकेक घर कोरं सोडलं.

न्यायला आला तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
नख टेकवलं. इथं भरायचं राहिलंय बगा.
चादरीत बी तसंच आहे, मी म्हणाले.
त्यानं चादर उलगडली. बराच वेळ बघत राहिला.
आमच्या कधी ध्यानात आलं नाही, म्हणाला,
आणि तरी पन्नास रुपये कमी दिले.
मी घेतले.

बुडाशी, किमतीच्या चिकटीखाली,
तीन केसांच्या ब्रशनं लिहून भाजलंय:
नरसिंगम येलदंडी, डिझायनर.
शारजात घासताना चिकटी निघेल.
किंवा नाही निघणार. काही लोक काढतच नाहीत.

एक सातवा कपही केला होता.
भट्टीच्या कडेला राहिला, सोनं काळं पडलं.
नान्नांना आता उजेड-अंधार तेवढा कळतो.
त्यांनी बशी बाजूला सारली,
कपावरून अंगठा फिरवला.
भाजलेला रंग जरा उचलून येतो, हाताला लागतो.
ओठ हलत होते, मोजत असावेत.
अंगठा एका जागी थांबला,
मागं गेला, परत तिथंच आला.
मी काही बोलले नाही.
"काय बघत बसलीस," म्हणाले,
"आधी चहा ओत."