ड्रमवरची नावं

पहिल्यांदा आले तेव्हा तिघं एका स्कूटरवर,
चौथा मागून रिक्षात, ड्रम मांडीवर घेऊन.
मी वसमत रोडच्या टायरवाल्याचा बोर्ड संपवत होतो,
‘पंक्चर’मधला अनुस्वार अजून ओला.
सुगत म्हणाला, बँडचं नाव टाका पेंटर:
‘नहीं तो परभणी’.
म्हणलं, असल्या नावाला वरातीत कोण बोलवील रे?
वरातीचा नाही ओ, रॉकचा.
रॉक म्हणजे काय ते मी विचारलं नाही.
अक्षराला तीन रुपये, काना-मात्रा फुकट.

खाली बारीक अक्षरात चौघं:
सुगत घनसावंत, गळा.
अमरदीप रोडगे, गिटार.
तुळजाराम पवळे, बेस,
म्हणजे ती जाड तारांची, वाजते ते कळत नाही,
थांबली की कळतं.
आणि मुनीर. आडनाव नको म्हणाला,
चुलत्याचा ब्रास बँड होता, त्याला कळलं असतं.

कृषी विद्यापीठाच्या गॅदरिंगला दोन गाणी झाली
आणि लाइट गेली.
गिटार मेली, माइक मेला.
मुनीर थांबलाच नाही.
अकरा मिनिटं काळ्याकुट्ट अंधारात एकटा,
आणि बाकांवर पाय आपटणारी सगळी पोरं.
त्यांचं नाव झालं ते असं,
कुणाचं तोंडही न दिसता.

आधी अमरदीप गेला. तलाठी झाला, सेनगावला.
टरपेंटाइनचा बोळा फिरवला.
रंग निघतो, पण खाली सावली राहते थोडी,
ती मला घालवता येत नाही.
तिथं जिंतूरचा व्यंकट चोपडे लिहिला.
लई जोरात वाजवायचा. आधी कुणालाच आवडला नाही,
मग सगळ्यांना.

पुण्याला रेकॉर्डिंगला गेले चौघं, आले तिघं.
सुगत तिकडंच राहिला.
सहा गाण्यांच्या पाचशे सीड्या निघाल्या,
तुळजारामच्या भावाच्या पानटपरीत
अजून दोन खोकी असतील, चुन्याच्या डब्यांमागं.

मग उज्ज्वला कच्छवे.
सुगतचीच गाणी म्हणायची, पण शेवटची ओळ बदलून,
आणि लोक तीच ओळ घरी न्यायचे.
तिचं नाव लिहिताना ‘ज्ज्व’ला जागा पुरेना,
मुनीरला सरकवलं थोडं.
तेवढ्यानं नसेल, पण मुनीर दम्मामला गेला, क्रेनवर.
ईदला फोन करतो,
मधेच बोटांनी कशावर तरी ठोकत राहतो.

भांडण झालं ते नावावरून. नाव कुणाचं?
उज्ज्वला नांदेडला गेली, तिथं वेगळा बँड केला,
नाव हेच.
नांदेडात ‘नहीं तो परभणी’! लोक हसले, पण तिकीट काढून.
एका दुपारी नवा ड्रम घेऊन आली.
पेंटर, तसंच काढा. तोच ‘प’, तीच शेपूट.
मी काढलं.
आठ दिवसांनी तुळजाराम दारात.
तुम्ही काढलंत?
अक्षर माझं, म्हणलं. नाव कुणाचं ते तुम्ही बघा.
दोन वर्षं माझ्या दुकानावरून गाडी न थांबवता गेला.

व्यंकट कधी सुटला ते आठवत नाही.
कुणी म्हणतं गुडघा, कुणी म्हणतं बायको.
त्याची पाटी दोनदा पुसली, एकदा परत लिहिली, एवढं खरं.

तुळजाराम सगळ्यात शेवटी.
काही बोलला नाही. गंगाखेडच्या कार्यक्रमात
तिसऱ्या गाण्याला पोरांच्या ध्यानात आलं
की काहीतरी कमी पडायलंय.

आता तिघं पोरं आणि एक पोरगी,
पहिल्या गॅदरिंगला त्यांचे दुधाचे दात होते.
पोस्टर फ्लेक्सवर करतात, ते बरंय, रात्रीत होतं.
ड्रम मात्र माझ्याकडंच आणतात.
काका, जुनी माणसं कशी वाजवायची?
मला कुठं सूर कळतो.
ड्रम तिरपा करून उन्हात धरला:
‘नीर’ दिसतं, ‘गत’ दिसतं, ‘ज्ज्व’ तर सगळाच.
पोरगी बराच वेळ बघत बसली.

यंदा म्हणाले, माणसांची नावं नको,
बँडचं तेवढं टाका.
टाकलं. ‘प’ची शेपूट जरा थरथरली, वयानं.
खाली मात्र दोरा मारून
चार ओळी आखून ठेवल्यात खडूच्या.
हात लागला की जातात.