अनामिकेची जागा

खजुरी बाजारात शाळेच्या गाइडांखाली सापडलं ते,
पाठ उसवलेलं, सुतळीने बांधलेलं
पत्त्यांच्या जादूचं जाडजूड इंग्रजी पुस्तक.
दुकानदार म्हणाला, वजनावर घ्या, ताई.
पाऊण किलो भरली
ती सगळी हातसफाई.

पहिल्या पानावर जांभळी शाई:
वा. गो. टोणगे, साचेखाते, १९६१.

आमच्याकडे पत्ते म्हणजे आजोबांनी हरलेली सायकल.
म्हणून औषधांच्या दुकानातून परतल्यावर
रामबागेतल्या खोलीचं दार लोटून
पलंगावर टॉवेल पसरायचा,
दहा ते बारा.
आकृत्यांत नुसते हात. मनगटाशी पांढरा कफ,
त्यामागे माणूस नाही.
इंग्रजी अडलं की समासात टोणगे,
बोथट पेन्सिल, सरळ अक्षर:
"पुस्तक अंगठा मोजत नाही.
त्याचे तिसरे बोट ते आपले चौथे. ते वगळावे."
"आकृती बघू नये. भार करंगळीवर."
"येथे घाई केली. बदाम राणी चहात पडली."

मीही केली घाई.
किलवर सत्ती पंधरा दिवस पलंगाखाली,
इस्पिक गुलामाचा कोपरा दुमडला
आणि पुढे मी त्याला डोळे मिटून ओळखू लागले,
जे पुस्तकात जादू म्हणून दिलेलं नाही.

पाठ एकतीस: पत्ता तळहातात लपवणे.
पुस्तक म्हणतं चार बोटं, टोणगे म्हणतात तीन.
मला वाटलं, शास्त्रच असेल तसं.
मी टोणग्यांचं ऐकलं.
पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि एका मंगळवारी
पोह्यांच्या गाडीवर, एका हातात जिरावन सांडत असताना,
दुसऱ्या हातातून चौकट तिर्री
कुठे गेली ते मलाही दिसलं नाही.

स्नेहलतागंजात एका गच्चीवर महिन्याला एकदा
जमतात हौशी जादूगार. आठ पुरुष, आणि मी.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
कस्तुरेकाकांनी नाही. ते म्हणाले, परत कर.
केलं.
म्हणाले, ते बोट का उचलून धरतेस,
साहेबाच्या बायकोने कप धरावा तसं?

मी पाहिलं. बाजूला उभं होतं ते,
हजेरीत नाव न आलेल्या पोरासारखं.

टोणग्याचं पुस्तक आहे का तुझ्याकडे?

मग गच्चीवर कोणी बोललं नाही बराच वेळ,
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत राहिलं.
काका सांगत होते,
पट्ट्यात गेलं ते बोट, मिलमध्ये.
आम्ही म्हटलं, आता सुटले पत्ते.
त्याने पहिल्या पगारात पुस्तक मागवलं.
लोक त्या रिकाम्या जागेकडे बघायचे गं,
नको नको म्हणत बघायचे,
आणि पत्ता कधीच तिथे नसायचा.

रात्री पाठ एकतीस उघडला.
बोट खाली टेकवलं, आकृतीत आहे अगदी तसं.
पत्ता पडला.
पुन्हा टेकवलं, पुन्हा पडला.
त्यांच्या ओळीखाली जरा जागा होती.
पेन्सिल घेऊन लिहिलं,
"बोट असूनही जमत नाही,"
आणि तिर्री काढायला
पलंगाखाली वाकले.