पोटफोड्या ष

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
मी कपाटं उघडते, हातमोजे चढवते,
आणि वडगिरी संस्थानच्या बश्या एकेक करून खाली घेते.
एकशे एकोणीस.
प्रत्येकीच्या बुडाशी मेणाच्या चार गोळ्या,
कारण कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब रोवत होते
तेव्हा या रात्री आपोआप किणकिणायच्या.
रखवालदार म्हणायचा, पंगत बसली वाटतं.

निळी कड, सोन्याची रेघ, मधे हत्ती,
हत्तीखाली ब्रीद: सत्यमेव भूषणम्.
म्हणजे लिहायचं होतं तसं.
विलायतेतल्या कुणा चिताऱ्याने
अक्षरं उतरवली चित्रासारखी,
आणि मधली तिरपी रेघ त्याला कागदावरचा डाग वाटली असणार.
डाग त्याने सोडून दिला.
एकशे वीस वेळा.
भूपणम्.

शाळेत बाई म्हणायच्या, पोटफोड्या ष.
इथे पोट फोडायचंच राहून गेलं.

पेटारे उघडले तेव्हा महाराजांनी पाहिलं असेल.
परत पाठवायचे तर सहा महिने,
आणि रेसिडेंटसाहेब जेवायला येणार मंगळवारी.
तसंच वाढलं.
जे जेवले त्यांना देवनागरी येत नव्हती.
ज्यांना येत होती ते शास्त्रीबुवा, कारभारी,
चिनी मातीचा विटाळ नको म्हणून
आतल्या चौकात केळीच्या पानांवर.

बॅटरी तिरपी धरली की सुऱ्यांचे ओरखडे दिसतात.
कुणी घाईत कापलं, कुणी एकाच जागी रेटत बसलं.
सतरा बश्यांवर मात्र एकही ओरखडा नाही.
आलेगावकर मॅडम म्हणतात, न वापरलेल्या.
मी म्हणते, कुणी बोटांनी जेवलं असेल.
मॅडम ते नोंदवत नाहीत.

मार्चमध्ये मंगळवार पेठेतून एक गृहस्थ आले,
सखाहरी पानसंबळ, पीएमटीचे जुने कंडक्टर.
कापडी पिशवीत टॉवेल,
टॉवेलात एकशेविसावी.

"आजोबा घासायचे या, मागच्या अंगणात.
राखेने नाही. राख सोनं खाते.
तांदळाच्या कोंड्याने.
एकीची कड उडाली तर आठ महिने पगार कापला.
नववा महिना लागला तसे आजोबा दिवाणजींपुढे उभे,
म्हणाले, पैसे फिटले, आता माझी बशी द्या."
दिवाणजी हसले म्हणे खूप.
पण दिली.

मी वाकून पाहिलं. कपची होतीच, नखाएवढी.
आणि हत्तीखाली स्वच्छ लिहिलेलं, भूषणम्.

"ती रेघ आमच्या आत्याची," ते म्हणाले.
"तिसरीत होती, टाकाने काढली.
या चकाकीवर शाई ठरत नाही हो. धुतली की जाते.
परत काढायची. आत्या गेली, मग मी.
आता नात काढते, मार्करने."
रोज धुता?
"धुवायला कशाला लागतंय. दूध ठेवतो त्यात,
मांजर चाटून पुसून टाकतं."

मॅडमनी खुर्ची दिली, चहा मागवला.
किंमत सांगितली, बरी होती.
काचेत देणगीदार म्हणून नाव, पानसंबळ कुटुंबीय.
संच पुरा होईल, त्या दोनदा म्हणाल्या.

"रेघ ठेवाल का?"

मॅडम खोटं बोलत नाहीत, हे त्यांचं मला आवडतं.
म्हणाल्या, मूळ स्थितीत आणावी लागेल.

त्यांनी चहा बशीत ओतून संपवला,
टॉवेलाची घडी नीट घातली,
आधी डावीकडून, मग उजवीकडून.
"मग राहू द्या. मांजराची पंचाईत व्हायची."

एकशेविसाव्या जागेवर आता छापील चिठ्ठी आहे:
अनुपलब्ध.
मंगळवार पेठ इथून रिक्षाने वीस मिनिटं.

आज सोमवार. एकशे एकोणीस जागच्या जागी ठेवल्या,
कुलूप लावलं.
मग हत्तीसमोर तोंड नेऊन काचेवर हा केलं,
वाफ धरली,
तिच्यात बोटाने एक तिरपी रेघ ओढली,
मान जराशी डावीकडे केली की बरोबर बसते ती.

मग फडकं मारलं.
काच पुसायचाच पगार आहे मला.