थाप

सरांनी पहिल्या दिवशी पकड शिकवलीच नाही.
म्हणाले, आधी सुटायचं कसं ते शिका.
थाप मारायची. मॅटवर, नाहीतर समोरच्याच्या अंगावर,
दोनदा, ऐकू जाईल अशी.
हात अडकले असतील तर तोंडाने म्हणायचं, बास.
आम्ही नऊ जण, त्यात मी एकटी मुलगी,
रांगेत बसून जमीन बडवत होतो,
आणि खिडकीत लोंबकळणारी पोरं ओरडत होती:
मारा बे मारा, थापाच मारा.

साखर पेठेतलं बंद पडलेलं शेड.
माग भंगारात गेले, बोल्ट तेवढे जमिनीत राहिले,
मॅटखालून अजून टोचतात.
कुठे पडायचं नाही हे आम्हाला पाठ आहे.
एप्रिलमध्ये पत्रा असा तापतो
की सर नळीने वर पाणी मारतात,
मग थोडा वेळ ओल्या सुताचा वास येतो कुठूनतरी.

जगन्नाथ म्हेत्रे मोहोळहून यायचा, तालमीतला गडी.
त्याला पाठ टेकवणं जमेना.
सर म्हणायचे, झोप की बे, इथनंच सुरू होतं.
तो म्हणायचा, सर, आमच्यात इथं संपतं.
दोन आठवडे नुसता उभा.
मग एकदा मी खालूनच त्याचा पाय ओढून घेतला.

तर सरळ घोट्याची पकड अशी:
पाऊल काखेत, त्याची वरची बाजू काखेमागे दडपलेली.
मनगटाचं हाड टाचेच्या वर,
जिथे शीर दोरीसारखी ताठ लागते, तिथे.
आपले गुडघे आवळून त्याची मांडी मध्ये धरायची,
सैल राहिले तर गडी उठून बसतो.
हातांनी ओढायचं नाही. हात फक्त बांधलेले.
छाती वर, कंबर पुढे, हळू.
हळू म्हणजे किती? जगन्नाथने विचारलं.
सर म्हणाले, त्याला विचार करता येईल इतकं.

टाच पिळायची पकड ते अजून दाखवत नाहीत.
तिच्यात दुखणं उशिरा येतं,
गुडघ्यातलं आधी तुटतं, मग कळतं.
जिना उतरताना सरांचा डावा गुडघा वाजतो.
त्या पकडीचा धडा सध्या तेवढाच.

अम्माने विचारलं, काय शिकतीस गं एवढं रोज?
सुपात हजारातल्या शेवटच्या साठ विड्या राहिलेल्या.
पान नीट भिजलं नसेल तर दुमडताना मोडतं;
किती दाबायचं ते तिच्या अंगठ्याला विचारावं,
सरांना तोंडाने सांगता येत नाही.
म्हटलं, पाय दे.
तिने लाजत, साडी धरून, पाय लांब केला.
घोट्यावर मांडी घालून बसल्याचा
तीस वर्षांचा घट्टा, काळा, रुपयाएवढा.
काखेत घेतला. गुडघे आवळले. कंबर पुढे नेली.
"दुखलं की थाप मार."
अम्मा पंख्याकडे बघत राहिली.
अजून थोडं.
"दुखतंय?"
"नाही गं."
मनगटाखाली शीर ताणलेली कळत होती,
जगन्नाथ इतक्यात तीनदा मारतो.
"अम्मा, खरं सांग."
"दुखलं की म्हणजे," ती म्हणाली,
"कधीपासूनचं धरायचं?"

मी पकड ढिली केली, पण पाय सोडला नाही,
तसाच छातीशी धरून बसले.
पाऊल गार होतं, एवढ्या उन्हाळ्यात.
तेवढ्यात तिने सुपावर हात मारला, दोनदा, जोरात:
"ऊठ, पाचला खिडकी बंद होते कारखान्याची,
आणि छाट निघते ती वेगळीच!"
तंबाखू उडाली फरशीभर.

दोन. ऐकू आल्या.
मी पाय सोडला
आणि तंबाखू गोळा करायला लागले.