कोपऱ्यावरचा सिग्नल

आईच्या पर्समध्ये दोरी बांधलेलं पेन असायचं,
सह्या करणारे पेन खिशात घालून जातात म्हणून.
बफेलोच्या डिसेंबरात शाई गोठायची;
ती पेन काखेत धरून ऊब द्यायची
आणि पुढचं दार वाजवायची.

आमचं जेवण थंड व्हायचं. हेही लिहायला हवं.
मी सात वर्षांचा, टेबलाशी,
आणि फोनची वायर ताणत ती स्वयंपाकघरभर:
मिसेस टिब्सचा हीटर बंद,
डेलरॉयला उडवून गेलेली गाडी,
नगरपालिकेतला तो साहेब, सदा मीटिंगमध्ये.

चार वर्षं. सहाशे बारा सह्या.
सिग्नल लागला त्या दिवशी
माझा हात धरून तिनं
उगाच चारदा रस्ता ओलांडला,
भाजीची पिशवी तशीच हातात.

काल तिला माती देऊन आलो.
चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या कमी पडल्या.
कुणीतरी ओरडलं, "अर्डेलियाला विचारा, जास्तीच्या कुठे ठेवल्यात!"
मग बराच वेळ
नुसता कॉफीच्या भांड्याचा आवाज.

रात्री दोनला गाडी काढली.
रस्ता रिकामा, बर्फ, लाल दिवा.
थांबलो.
हिरवा झाला,
तरी थांबलो.